साधन की पुरावा?

नववीचे पेपर तपासतेय. प्रश्न असा: '१५८३ च्या कुंकळ्ळीच्या उठावाचा एक पुरावा लिहा.' (गोव्यातल्या कुंकळ्ळीचे गावकरी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठले, तो.) बऱ्याच मुलांनी 'जेझुइटांची पत्रे', म्हणजे त्या ख्रिस्ती मिशनरी संघाच्या लोकांची पत्रं, असं लिहिलंय. आमच्या एक बाई म्हणतात, पत्रं हे लिखित साधन, पुरावा नव्हे, अर्धा गुण कापा. दोन शब्दांत खरंच एवढा फरक आहे का?

— फरक आहे, पण गुण कापू नका, चूक प्रश्नात आहे. साधन म्हणजे जे उरलं, हाती लागलं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून छापली ती मराठ्यांच्या इतिहासाची 'साधने'च. पुरावा मात्र 'कशाचा?' हे विचारल्याशिवाय उभाच राहत नाही.

कुंकळ्ळीचंच बघा. त्या जुलैत गावकऱ्यांच्या हातून पाच जेझुइट मारले गेले. त्यांतले रोदोल्फो आक्वाव्हिवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. मेलेल्यांविषयी लिहिणारे त्यांचेच संघबंधू. तेव्हा गावकऱ्यांच्या मनात काय होतं याचा पुरावा म्हणून ती पत्रं लंगडी, पण मिशनऱ्यांनी त्या मरणाला 'हौतात्म्य' कसं केलं याचा पुरावा म्हणून भक्कम. कुंकळ्ळी ज्यात येतं त्या गोव्यातल्या साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी १५६७ साली मोडली, त्याची हकीकतही जेझुइटांच्याच लिखाणात येते, तीही अभिमानाने. ज्याला ते पुण्यकर्म समजून लिहीत होते, तेच आज आपल्याला गावकऱ्यांच्या रागाचं कारण दाखवतं. लिहिणाऱ्याने न मागता दिलेली साक्ष ती! उठावानंतर पोर्तुगीजांनी गावप्रमुखांना बोलणीसाठी जवळच्या असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं, ही आठवण गावाने जपली. ते मौखिक साधन.

— काही मुलं 'दाखला' लिहितात. घरी कोंकणी, त्यात 'दाखलो' चालतो. मराठीतही 'दाखला देणे' आहेच की. (शाळा सोडल्याचा दाखला वेगळा, तो मागायला पालक येतात.)

— दाखला चालेल, पण तो बहुधा उदाहरणाच्या अंगाने जातो. पुराव्यात दावा हवा.

— मग प्रश्न कसा घालू?

— पत्रातला चार ओळींचा उतारा द्या आणि विचारा: 'यावरून गावकऱ्यांच्या हेतूविषयी काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही?' गुण तीन. कोणी, कोणासाठी लिहिलं हे ओळखलं की एक. उताऱ्यातल्या शब्दांवर बोट ठेवून दोन्ही बाजू मांडल्या की दोन. 'पत्र पक्षपाती आहे म्हणून निरुपयोगी' एवढंच लिहिलं तर त्या दोनांतला एकही नाही. हे वाक्य मुलं गाइडातून उचलतात आणि आपणही डोळे झाकून बरोबरची खूण करतो. 'विश्वसनीय साधन' हा प्रयोगही तसलाच. कशासाठी विश्वसनीय, ते मुलाने सांगायला नको?

— आणि आदर्श उत्तर?

— एकच लिहू नका, चालतील अशी तीन-चार लिहून ठेवा. तपासणाऱ्या तुम्ही दोघी असाल तर पहिले पाच पेपर एकत्र बसून तपासा, नाहीतर एकीचे दोन गुण ते दुसरीचा अर्धा व्हायचा.