गोळी, सोलकढी आणि पोट

भातलावणीच्या दिवसांत कंबरदुखीवर डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेऊन वर सोलकढी प्यायली की पोट सांभाळलं जातं, असं काही जण म्हणतात. तसं होत नाही. कोकम मुळात आंबट. जळजळ असेल तर भरच पडू शकते.

ही गोळी जठराला नुसती आतून झोंबते असं नाही. रक्तात गेल्यावर ती प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन बनणं रोखते. दुखणं त्यामुळेच थांबतं, पण जठराच्या आतला बुळबुळीत थरही याच रसायनाच्या जोरावर टिकतो. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी अल्सरचा (जठरातल्या जखमेचा) धोका राहतोच. पेज खाऊन गोळी घेतली तर मळमळ कमी होते, इतकंच.

डॉक्टरांनी सोबत पँटोप्रॅझोल ४० हे आम्ल कमी करणारं औषध दिलं असेल तर ते पेजेच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर. जठराच्या पेशींतले आम्ल सोडणारे पंप खाण्यानं चालू होतात आणि हे औषध चालू पंपच बंद पाडतं. ती गोळी चावू किंवा कुटू नका. वरचं आवरण गेलं की जठरातल्या आम्लात औषध नासतं.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतंय? ते पोटात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. डायक्लोफिनॅक बंद आणि लगेच दवाखाना, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा येतो, पण तसा चिकटपणा नि वास सहसा नसतो.) आधी अल्सर झालेले किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले यांनी डायक्लोफिनॅक दुकानातून परस्पर आणूच नये.