आरोग्यशाखेला जायचंय, मग शाळेतच तिन्ही विज्ञानं वरच्या पातळीची घ्यावीत का?

कासवछाप (धागाकर्ता)
भाचीला नर्सिंग किंवा फिजिओथेरपीला जायचंय, अजून नक्की नाही. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचे विषय निवडायचेत आणि घरात एकच धोशा: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स तिन्ही ॲडव्हान्स्ड घे, उद्या वाट अडायला नको. मला हे पटत नाही. प्रवेशाच्या अटीत जे विषय आहेत ते घ्यावेच लागतील, त्यावर वाद नाही. त्यापलीकडे फक्त केमिस्ट्री वरच्या पातळीची घ्यावी, बाकी दोन साध्या पातळीवर भागतात.

बायोलॉजी पदवीच्या पहिल्या वर्षी पुन्हा मुळापासून शिकवतात. पेशी, ऊती, हाडं, सगळं. केमिस्ट्रीला मात्र कुणी थांबत नाही. रक्ताचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो, तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेटच्या तोलामुळे. हे शिकवताना बफर (पीएच फारसा हलू न देणारं मिश्रण) म्हणजे काय ते तुम्हाला येतंच असं गृहीत धरतात. सलाईन ०.९ टक्केच का, शिरेतून नुसतं शुद्ध पाणी दिलं तर लाल पेशी का फुटतात, ही उत्तरंही केमिस्ट्रीतूनच येतात.

शिवाय वेळ. आयबीत (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) वरच्या पातळीच्या विषयाला २४० तास, साध्या पातळीला १५०. एकेका विषयामागे ९० तासांचा फरक आहे.

झणझणीत
साफ असहमत. आणि तासांचा हिशोब तर अजिबात पटला नाही. त्याच आयबीत किमान तीन विषय वरच्या पातळीचे घ्यावेच लागतात. बायोलॉजी खाली आणली की तिच्या जागी इतिहास नाहीतर भाषा वर जाईल. तास तेवढेच!

'पुन्हा शिकवतात' हे खरं, पण कोणत्या वेगाने? शरीररचनेत आठवड्याला शेकडो नवी नावं अंगावर येतात. ज्याने मूत्रपिंडाचं काम आधी नीट समजून घेतलंय, तो त्या आठवड्यात नुसती नावं लावतो. दुसऱ्याला नाव आणि काम दोन्ही एकदम गिळावं लागतं. दुसऱ्यांदा ऐकलेलंच डोक्यात राहतं हो.

वाटसरू७
वाचनखूण साठवली. घरी हाच वाद चालू आहे.

तरफ
फिजिक्सला दोघांनीही परस्पर वाळीत टाकलं! भाची फिजिओकडे वळली तर रोज तेच लागणार आहे. कोपर काटकोनात ठेवून हातात वजन धरलं, की दंडाच्या पुढच्या स्नायूला त्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, कारण तो सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो. व्यायाम सोपा किंवा अवघड करायचा म्हणजे बहुतेक वेळा ही अंतरं बदलायची.

नर्सिंगलाही सुटका नाही. संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली की विरोध सोळापट होतो. पटकन रक्त चढवायचं असेल तर जाड आणि आखूड सुई का निवडतात, ते यातून कळतं. एक्स-रेच्या उगमापासून दुप्पट लांब उभं राहिलं की मात्रा साधारण पाव होते, हेही फिजिक्सच. आणि हा विषय पदवीत मुळापासून क्वचितच शिकवतात. कासवछाप, तुमचाच निकष लावला तर केमिस्ट्रीच्या आधी याचा नंबर लागतो.

रात्रपाळी
बरीच वर्षं वॉर्डात आहे, शिकाऊ मुलंमुली हाताखाली असतात. त्यांची अडचण तुम्ही सांगताय तिथे नसते.

६० किलोचा पेशंट. औषध किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचंय. म्हणजे मिनिटाला ३००, तासाला १८ मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला ४. पंप तासाला ४.५ मिलिलिटरवर लावायचा. यात आठवीच्या पुढचं काय आहे? तरी ॲडव्हान्स्ड केमिस्ट्रीत पैकीच्या पैकी मिळवलेली मुलं मायक्रो आणि मिलीमध्ये अडखळतात. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट.

माझं म्हणणं, दोन विज्ञानं घ्या, कुठली ते मुलीला ठरवू द्या, पण एककं आणि प्रमाणं झोपेतून उठवून विचारलं तरी आली पाहिजेत. तिसऱ्या विज्ञानाच्या जागी संख्याशास्त्र घेता येत असेल तर जरूर घ्या.

झणझणीत
ताई, संख्याशास्त्र? ते संशोधन करणाऱ्यांना. पलंगाशेजारी काय उपयोग?

रात्रपाळी
हजारात एकाला असणारा आजार. चाचणी ९९ टक्के आजारी बरोबर पकडते आणि ९९ टक्के निरोगी बरोबर सोडते. समोरच्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला आजार असण्याची शक्यता किती?

झणझणीत
९९ टक्के. यात काय एवढं?

तरफ
नाही हो. हजारातला खरा आजारी एक. उरलेल्या ९९९ निरोगींपैकी एक टक्का, म्हणजे साधारण दहा जण चुकून पॉझिटिव्ह येणार. अकरा पॉझिटिव्हमध्ये खरा एक. नऊ टक्क्यांच्या आसपास.

रात्रपाळी
आणि हा हिशोब न करता कुणी त्या माणसाला 'तुम्हाला आजार आहेच' असं सांगून टाकलं, तर त्याची ती रात्र कशी जाते ते आम्ही बघतो. दुसरी चाचणी होईपर्यंत त्याच्याशी बोलणारं माणूस सहसा नर्सच असतं.

कासवछाप
तासांबद्दल: तास तेवढेच राहतील, ताण नाही राहणार. तिन्ही विज्ञानांचे प्रयोग, अहवाल आणि परीक्षा एकाच महिन्यात येतात. भाषेचं काम पुढेमागे करता येतं. शिवाय तिन्हीत कसेबसे पास होऊन प्रवेशाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा दोनांत चांगले गुण केव्हाही बरे. फिजिक्सचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो फिजिओ आणि रेडिओग्राफीपुरता. नर्सिंग ठरलं तर मी केमिस्ट्री आणि संख्याशास्त्रावर यायला तयार आहे.

झणझणीत
आणि बायोलॉजी? माणसाच्या शरीराचं शिकायला निघालेली मुलगी तोच विषय साध्या पातळीवर घेणार? ती गणितं मी रविवारी दुपारी शिकून घेईन. मूत्रपिंड रविवारी दुपारी येत नाही.

तरफ
सुरुवात आजच्या गणितापासून करा.