पडल्यावर लगेच काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका
"उलटी नाही, शुद्ध हरपली नाही, म्हणजे धोका टळला" असं डोक्याला मार लागल्यावर म्हणतात, पण ते म्हाताऱ्या माणसांना लागू पडत नाही. वयाबरोबर मेंदू आकसतो, त्याच्या नि कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी फाटते आणि रक्त कित्येक आठवडे हळूहळू साचत राहतं. पहिला सीटी स्कॅनसुद्धा नॉर्मल येऊ शकतो.

आमचे परळीकडचे मामा गोठ्यात घसरून पडले. टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला. पुढं पोळ्याच्या सुमारास डाव्या पायातली चप्पल निसटायची अन् त्यांना पत्ताच नसायचा. घरचे म्हणाले, वय झालं आता! लातूरला स्कॅन केला तर उजव्या बाजूला रक्त साचलेलं. कवटीला भोक पाडून काढलं, आता शेतात जातात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो.