घाट उतरला की स्टिअरिंग थरथरतं. ब्रेकची डिस्क पुन्हा बदलू का?

पाचगणीची_लेक: गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2017 ची, 71,000 किमी. माहेर पाचगणीला, त्यामुळे महिन्यातून दोनदा पुण्याहून जाणं-येणं. 80-90 वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं, 40 च्या खाली शांत. ब्रेक नसेल तेव्हा काही नाही. गॅरेजवाले म्हणतात, "डिस्क बेंड झालीय, बदला." गेल्या वर्षीही हेच म्हणाले, म्हणून पुढच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि पॅड (त्यांना घासून गाडी थांबवणारे) नवे टाकले. सहा-सात हजार किमीत पुन्हा तेच! सासरे म्हणतात, माल डुप्लिकेट.

लेथवाला: पसरणी घाट कोणत्या गिअरमध्ये उतरता?

पाचगणीची_लेक: न्यूट्रलमध्ये. बाबांनी तसंच शिकवलंय, पेट्रोल वाचतं म्हणून. ब्रेकवर पाय हलका टेकवलेला, थेट वाईपर्यंत. वाईत गर्दी असतेच, तिथे ब्रेक दाबून उभी राहते.

लेथवाला: इथेच घोडं पेंड खातंय. ओतीव लोखंडाची डिस्क अशी सहजी वाकत नाही. दहा-बारा किमी पॅड घासत आला की डिस्क भयंकर तापते. मग वाईत पेडल दाबून उभं राहिलात की पॅडखालच्या जागी त्याचा थर चिकटतो. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाएवढा फरकसुद्धा स्टिअरिंगला जाणवतो. पुढे तीच जागा जास्त तापते आणि थरथर वाढत जाते.

दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबायचा तो ठाम, थोडा वेळ, मग पाय पूर्ण उचलायचा. खाली आल्यावर सपाटीला उभं राहायचं तर हँडब्रेक लावा, आणि तापल्या डिस्कवर लगेच पाणी मारू नका. पेट्रोलचं म्हणाल, तर हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्येच ते जळत राहतं. बाबांचं गणित कार्बोरेटरच्या काळातलं.

नट_बोल्ट: माल डुप्लिकेट म्हणण्याआधी डायल गेज (डिस्क किती डुलते ते मोजायचं साधन) लावायला सांगा. चाकाचे नट गनने वाट्टेल तसे आवळले, किंवा हबवर, म्हणजे डिस्क बसते त्या भागावर, गंज राहिला, तर नवी कोरी डिस्कसुद्धा डुलते. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना (ज्यांवर तो सरकतो) अडकल्यात का तेही बघा.

पाचगणीची_लेक: तीन आठवड्यांनी लिहितेय. डावी पिन अडकलेली निघाली. डिस्क जाडीला भरली 21.4 मिमी, तिच्यावर किमान 20 कोरलंय, म्हणून लेथवर फेसिंग करून (वरचा पातळ थर कापून सपाट) घेतली. पॅड नवे. लेथवाल्यांनी निरोपातून सांगितलं तसं रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 15 पर्यंत दहादा ब्रेक मारले, गाडी पूर्ण न थांबवता, आणि मग थंड होऊ दिली. परवा पसरणी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. स्टिअरिंग गप्प. बाबा मात्र शेजारी बसून वाईपर्यंत एकच धोशा लावून होते, "इंजिन बोंबलतंय गं, वरचा गिअर टाक की!"