गोथेनबर्ग पायीच बघा

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात दोन दिवसांत पायी काय काय बघून होईल, असं कुणीतरी विचारलंय. बरंच होतं. एक दिवस शहराला द्या. १६२१ साली वसवलेल्या या शहराचे कालवे डच धर्तीचे आहेत. त्यांच्या काठाने हागा या जुन्या वस्तीपर्यंत चालत जा. तिथली जुनी घरं निरखून पाहा: तळमजला दगडविटांचा, वरचे दोन मजले लाकडी. मागच्या टेकडीवर स्कान्सेन क्रोनान हा सतराव्या शतकातला बुरूज आहे. चढण दमवते, पण वरून सगळं शहर दिसतं.

दुसरा दिवस मात्र बेटांसाठीच ठेवा, हे अगदी आग्रहाने सांगते. ट्रामने साल्टहोल्मेनच्या बोटीच्या धक्क्यावर जायचं, तिथून बोट. दक्षिणेकडच्या या बेटांवर मोटारी नाहीत. व्रॉन्गो हे त्यांतलं सगळ्यात दक्षिणेचं वस्तीचं बेट. तिथे खडकांतून, समुद्राला लागून पायवाट जाते. स्वीडनमध्ये निसर्गात मोकळेपणी फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे, फक्त कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, शेत तुडवायचं नाही. वारा बोचरा असतो, विंडचीटर आणि डबा सोबत हवाच. परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच बघून ठेवा.