मदत हवी आहे: आईला एएनसीए व्हॅस्क्युलायटिस, डायलिसिस सुटेल का?

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची. दिवाळीनंतर बारीक ताप, सांधेदुखी, भूक नाही. आम्ही व्हायरल समजून महिना घालवला, ही चूक आमचीच. लघवी चहासारखी दिसू लागली तेव्हा तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) २.१, आणि तीन आठवड्यांत ६.४. लघवीत रक्त आणि प्रोटीन दोन्ही. एमपीओ-एएनसीए (शरीराच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला, किडनीच्या बायोप्सीत क्रेसेंट (गाळण्यांत साचलेले चंद्रकोरीसारखे पेशींचे थर, गंभीर दाहाची खूण) दिसले. म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा दाह थेट किडनीच्या गाळण्यांवर आला.

मिथाइलप्रेडनिसोलोनचे तीन डोस झालेत, आता तोंडी स्टेरॉइड. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लघवी अजून होते, दिवसाला साधारण ७०० मिली, त्यावरच आमची आशा.

डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब की सायक्लोफॉस्फमाइड (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) हे आमच्यावर सोडलंय. (आम्ही काय ठरवणार, डोंबल!) प्लाझ्मा एक्स्चेंजचाही (रक्तातला द्रव भाग काढून बदलणं) विषय निघाला. त्यावरच्या २०२० च्या पेक्सिव्हास नावाच्या चाचणीत, ७०४ रुग्णांमध्ये, मृत्यू किंवा कायमच्या डायलिसिसमध्ये ठळक फरक दिसला नव्हता, असं वाचलं. पण क्रिएटिनिन फार वाढलेल्यांना थोडा फायदा होतो असंही म्हणतात, शिवाय जंतुसंसर्गाची भीती वेगळीच.

तुमच्या घरात कुणी यातून गेलंय का? डायलिसिस सुटलं का, किती दिवसांनी? बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं) रिटुक्सिमॅब घेतलं असेल तर एकूण खर्च किती आला? आणि महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसवताना कुठली कागदपत्रं लागली? शुक्रवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय.