‘अवर गँग’चे मूकपट मुलांना दाखवताना खटकणाऱ्या पाट्या गाळाव्यात का?

मूळ लेख
गेल्या रविवारी घरी जमलेल्या पाच-सहा लहान मुलांना मी अमेरिकन निर्माते हॅल रोच यांच्या ‘अवर गँग’ या विनोदी मालिकेतला एक मूकपट दाखवला. १९२२ साली सुरू झालेल्या या मालिकेत गल्लीतल्या पोरांची टोळी आहे, वीसेक मिनिटांचा धुडगूस आहे आणि १९२७ पासून डोळ्याभोवती काळे कडे असलेला पीट हा कुत्राही आहे. (ते कडे बरेचसे जन्मजात होते, उरलेले रंगाने पुरे केले जाई, हे कळल्यावर मुलांनी पीटच्या डोळ्यावरून नजर काढली नाही.) मुलांना इंग्रजी येत नसल्याने संवादाच्या पाट्या, म्हणजे दृश्यांच्या मधे पडद्यावर येणारा मजकूर, मीच मराठीत वाचत होतो. फरिना या चिमुकल्या कृष्णवर्णीय मुलाच्या तोंडी हसे व्हावे म्हणून मोडकी भाषा घातलेली पाटी आली, तेव्हा मी ती गाळली. मला ते योग्यच वाटते.

प्रतिसाद १
मला हे पटत नाही. पाटी गाळाल, पण फरिनाच्या अंगावरची लक्तरे आणि त्याच्या डोक्यावरच्या उभ्या वेण्या कशा गाळणार? अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, त्या काळात इथे गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकाच टोळीत बरोबरीने खेळताना दिसतात. मालिकेचे हे मोठेपण आणि तिचा हा दोष एकाच चित्रफितीत आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच दाखवायला हवेत.

प्रतिसाद २
मी मूळ लेखकाच्या बाजूने आहे. दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन वाचता न येणाऱ्या मुलांना प्रसंग तोंडी समजावून सांगत आणि कॅमेरा चालू असताना कर्ण्यातून सूचना देत. ध्वनिमुद्रण नसल्यामुळेच हे शक्य होते. पडद्यावर दिसतो तो त्या मुलांचा खेळ आहे, पाट्या मात्र मागाहून मोठ्यांनी लिहिल्या आहेत. एखादी पाटी वगळल्याने फरिना झालेल्या ॲलन हॉस्किन्सच्या कामाला जरासाही धक्का लागत नाही, उलट ते अधिक स्वच्छ दिसते.

प्रतिसाद १ यांचे उत्तर
लक्तरेही मोठ्यांनीच चढवली होती, आणि ती कॅमेऱ्यासमोरच होती. शिवाय पडद्यावर अक्षरे असताना वाचणारा गप्प राहिला, तर मुले ‘काय लिहिलंय?’ असे विचारतातच. पाटी वाचावी, ‘तेव्हाचे लोक असे लिहीत, आणि ते चूक होते,’ एवढे सांगावे आणि पुढे जावे.

मूळ लेखक
मुलांनी तसे विचारले होते, आणि मी ‘काही नाही’ म्हणालो, हे मला कबूल करायला हवे. पुढच्या रविवारी पाटी वाचीन. पण ती कोणत्या मराठीत वाचू? प्रमाण भाषेत वाचली तर त्यातला अपमान दिसेनासा होतो, आणि एखाद्या खेड्यातल्या बोलीत वाचली तर तो अपमान मी त्या बोलीच्या माथी मारतो. माझी आजी तशीच बोलत असे.